लिलावात गेलेला खेळाडू निष्ठावान कसा?

मैदानावरचा मास्तर

नमस्कार. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, तरी बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला रोज सकाळी वीस-बावीस मुलांना हॉकी शिकवण्याचा परिपाठ मी सोडलेला नाही. गेल्या आठवड्यात सराव संपल्यावर मुले झाडाखाली पाणी पीत बसली होती आणि हॉकी इंडिया लीगचा विषय निघाला. २०१७ नंतर बंद पडलेली ही लीग पुन्हा सुरू होताना, २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख रुपयांची बोली लागली, हे एकाने घरचाच कोणी असल्यासारखे अभिमानाने सांगितले. त्यावर नववीतला एक मुलगा, जो एरवी हो-नाही यापलीकडे बोलत नाही, मला म्हणाला, "सर, ज्याला बोली लावून घेतलाय, तो त्या संघाशी निष्ठावान कसा असेल? पुढच्या वेळी दुसऱ्याने जास्त पैसे दिले तर तो तिकडे जाणारच ना?"

त्या वेळी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली, परंतु सायकल घेऊन घरी परतताना ते उत्तर माझे मलाच पटेना. 'संघासाठी खेळा, स्वतःसाठी नको' हे वाक्य मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. पण ज्याचे पोट खेळावर आहे त्याच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ काय, याचा विचार मी कधी नीट केलाच नव्हता. व्यावसायिक हॉकीपटूचा निःस्वार्थीपणा खरा असतो का, आणि त्याची निष्ठा नेमकी कोणाशी असते, यावर आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील. बर्फावरच्या हॉकीची उदाहरणेही चालतील.

एक विनंती आहे. 'निष्ठा' हा शब्द आपल्या सीमाभागात उच्चारला की चर्चा कोठून कोठे जाते हे आपण सर्वजण जाणतो. येथे ती मैदानाच्या आतच राहावी.

खानापूर पॅसेंजर

मास्तरांची शेवटची विनंती वाचून हसू आवरले नाही. या धाग्यावर 'सीमारेषा' म्हणजे फक्त साइडलाइन समजावी, असे मी सर्वांच्या वतीने जाहीर करतो.

डावी बगल

सर, त्या मुलाला पेनल्टी कॉर्नर दाखवा, आणि चेंडू मारणाऱ्याऐवजी गोलातून धावत सुटणाऱ्याकडे पाहायला सांगा.

पेनल्टी कॉर्नरला बचाव करणारे फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, त्यात एक गोलरक्षक. बाकीचे मध्यरेषेपलीकडे. बेसलाइनवरून चेंडू आत ढकलला गेला की त्या चौघांतला एक जण, ज्याला पहिला रशर म्हणतात, सरळ ड्रॅग फ्लिक (चेंडू स्टिकने ओढत आणून उचलून फेकणे) मारणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. चेंडू कोणत्या उंचीने येईल हे त्याला ठाऊक नसते, कारण पहिला फटका जोरात मारला तर तो गोलाच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीपेक्षा वर जाता कामा नये असा नियम आहे, परंतु फ्लिकला ही मर्यादा नाही. तोंडावर मुखवटा, हातात मोजे आणि गुडघ्याला पॅड, एवढ्यावर तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या चेंडूला सामोरा जातो.

याहून विशेष गोष्ट नियमपुस्तकात आहे. पाच मीटरच्या आत असलेल्या रशरला तो पहिला फटका गुडघ्याखाली लागला तर समोरच्या संघाला पुन्हा पेनल्टी कॉर्नर मिळतो. गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, तर फटका धोकादायक ठरून फ्री हिट बचाव करणाऱ्यांना मिळते. म्हणजे ज्या ठिकाणी लागल्याने त्याचे स्वतःचे अधिक नुकसान, त्याच ठिकाणी लागल्याने संघाची सुटका. आपल्या संघात हे काम अमित रोहिदासने वर्षानुवर्षे केले. गोल वाचला की कॅमेरा गोलरक्षकाकडे जातो, वाचला नाही तरी गोलरक्षकाकडेच जातो, आणि रशर मात्र पिंढरी चोळत पुन्हा रेषेमागे जाऊन उभा राहतो.

हिशेबनीस

डावी बगल यांनी नियम उत्तम समजावला, परंतु त्यातून निःस्वार्थीपणा सिद्ध होत नाही. पगार घेऊन ठरलेले काम करणे याला कर्तव्य म्हणतात. आमच्या गल्लीतला वायरमन भर पावसात खांबावर चढतो, त्यालाही शॉक लागण्याची भीती असतेच. त्याच्यावर कोणी धागा काढत नाही. रशर धावला नाही तर पुढच्या सामन्यात बाकावर बसेल, आणि पुढच्या लिलावात त्याच्यावर कोणी हात वर करणार नाही. त्यामुळे हा त्याग आहे असे म्हणण्यापेक्षा ही त्याच्या धंद्याची अट आहे, असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

येळ्ळूरचा गडी

हिशेबनीस, वायरमनवर धागा काढाच. आमच्याकडे परवापासून लाईट नाही.

निपाणीची लेक

मी मूळची निपाणीची, आणि गेली अठरा वर्षे कॅनडात, जिथे 'हॉकी' म्हटले की बर्फावरचीच समजतात. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला रिंकवर नेऊ लागले, तेव्हापासून या खेळाशी संबंध आला. हिशेबनीसांच्या मुद्द्याला उत्तर म्हणून एकच प्रसंग सांगते.

एनएचएल या इथल्या व्यावसायिक लीगमधला रे बोर्क हा बॉस्टनचा बचावपटू कारकिर्दीच्या सुरुवातीपासून ७ क्रमांकाचा अंगरखा घालत असे. त्याच संघात पूर्वी फिल एस्पोसिटोने हाच क्रमांक गाजवला होता. ३ डिसेंबर १९८७ रोजी एस्पोसिटोच्या सन्मानार्थ तो क्रमांक छताला टांगायचा, म्हणजे पुढे नव्या कोणाला न देण्याचा, समारंभ झाला. बोर्क त्या संघाचा आधारस्तंभ होता आणि तो क्रमांक अंगावरून उतरवण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करू शकत नव्हते. तो ७ क्रमांकाचाच अंगरखा घालून बर्फावर एस्पोसिटोकडे गेला, तिथेच तो काढून त्याच्या हातात दिला, आणि आत घातलेला ७७ क्रमांक सर्वांना दिसला. यासाठी त्याच्या करारात एक ओळही नव्हती. पगाराच्या अटीत न बसणारे असे काही घडते, तेव्हा त्याला काय म्हणायचे, हे हिशेबनीसांनीच सांगावे.

हिशेबनीस

ताई, प्रसंग सुंदर आहे आणि मी निरुत्तर होण्याच्या बेतात होतो. परंतु थोडे वाचन केल्यावर असे दिसले की याच बोर्कने २००० साली स्वतःहून दुसऱ्या संघात जाण्याची इच्छा व्यक्त केली, आणि एकवीस हंगामांचे बॉस्टन सोडून तो कोलोरॅडोला गेला, कारण त्याला स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचा विजेतेपदाचा चषक, हवा होता. मग क्रमांक देण्यातली उदारता मान्य केली तरी निष्ठेचे काय?

निपाणीची लेक

हे मी मुद्दामच मागे ठेवले होते, कारण खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

२००१ मध्ये कोलोरॅडोने कप जिंकला. रिवाज असा आहे की लीगचा प्रमुख तो कप विजेत्या कर्णधाराच्या हातात देतो, कर्णधार तो डोक्यावर उचलून बर्फावर फेरी मारतो, आणि मग एकेका खेळाडूच्या हाती देतो. कर्णधार होता जो सॅकिक, ज्याने आपली वीस हंगामांची संपूर्ण कारकीर्द एकाच संघाकडे काढली. तो संघ क्विबेकहून कोलोरॅडोला हलला तेव्हा त्याच्याबरोबर हा माणूसही हलला. सॅकिकने कप घेतला आणि स्वतः उचलण्याआधीच तो बोर्कच्या हाती दिला. बावीस वर्षे वाट पाहिलेला चाळिशीचा माणूस तो कप उचलतानाचे दृश्य इथे अजूनही दरवर्षी दाखवतात.

प्रत्येक विजेत्या खेळाडूला तो कप एक दिवस स्वतःकडे ठेवता येतो. बोर्कने तो बॉस्टनला नेला. ज्या शहराला सोडून तो गेला होता, त्याच शहरातले हजारो लोक, त्यांच्या संघाने काही जिंकलेले नसताना, नगरभवनासमोरच्या चौकात त्याच्यासाठी जमले. त्यांना तो निष्ठाहीन वाटला नसावा.

येळ्ळूरचा गडी

म्हणजे सासरी गेलेल्या लेकीने पेढे घेऊन माहेरी यावे, तसे झाले.

निपाणीची लेक

अगदी तसेच! आणि हे वाक्य मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवणार नाही.

जुना दुसरा गोली

या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. मी १९८० च्या दशकात एका कारखान्याच्या हॉकी संघात सहा हंगाम दुसरा गोलरक्षक होतो. नोकरी खेळाडूंच्या जागेवरची, त्यामुळे माझ्यासारख्याला व्यावसायिक म्हणायचे की नाही ते आपण ठरवा. माझ्या घरची चूल मात्र त्याच पगारावर पेटत होती.

आघाडीचा राखीव खेळाडू पाच-दहा मिनिटे तरी मैदानात उतरतो. गोलरक्षक सहसा बदलला जात नाही. सहा हंगामांत मी मोजून चार सामने खेळलो, त्यातले दोन आम्ही हरलो. बाकी सर्व काळ माझे काम एकच होते: सामन्याआधी पहिल्या गोलीला सराव देणे. त्याच्या डाव्या बाजूला खाली येणारा चेंडू त्याला जड जातो हे मला ठाऊक होते, आणि त्याच जागी मी त्याला रोज पन्नास-साठ चेंडू मारत असे. म्हणजे त्याची जी एक उणीव माझ्या उपयोगाची होती, ती मी माझ्याच हाताने बुजवत होतो. हे करताना माझ्या मनात फार उदात्त विचार होते, असे कोणी समजू नये. कित्येकदा त्याचे बोट दुखावावे असे मनात आले आहे, आणि ते आल्याची लाज वाटून दुसऱ्या दिवशी मी दहा चेंडू जास्त मारले आहेत.

म्हणून मला भारताचा पहिला गोलरक्षक श्रीजेश याच्यापेक्षा दुसरा गोलरक्षक कृष्ण बहादूर पाठक अधिक जवळचा वाटतो. श्रीजेशची थोरवी वादातीत आहे; टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकच्या कांस्यपदकांत त्याचा वाटा सर्वांनी पाहिला, आणि त्याचा १६ क्रमांक वरिष्ठ संघात आता कोणाला मिळणार नाही, हे योग्यच झाले. परंतु पॅरिसच्या सोळा जणांच्या संघात गोलरक्षक एकच होता. पाठक राखीव म्हणून गेला होता. जगातल्या कोणत्याही दुसऱ्या देशात कदाचित पहिला गोलरक्षक ठरला असता असा खेळाडू, ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या सावलीत तयारीत राहण्यात घालवतो. हिशेबनीस म्हणतील की त्यालाही पगार होता. होता. मलाही होता.

हिशेबनीस

नाही, येथे मी तसे म्हणणार नाही. आपला प्रतिसाद दोनदा वाचला.

कॅम्पातला नातू

जुना दुसरा गोली यांनी गोलरक्षकांचा विषय काढला म्हणून लिहितो. आमचे आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते आणि आमच्या घरात शंकर लक्ष्मण हे नाव देवादिकांच्या पंक्तीत घेतले जाई. माणूस मूळचा मध्य प्रदेशातल्या महूचा. १९४७ मध्ये सैन्याच्या बँडमध्ये भरती झाला, आणि पुढे आपल्या बेळगावात केंद्र असलेल्या याच रेजिमेंटचा झाला. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये त्याने गोल राखला, आणि त्यात दोन सुवर्ण व एक रौप्य मिळवले. १९६४ च्या टोकियोच्या त्याच सुवर्णविजेत्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटीलही होते, हे या धाग्यावर कोणीतरी लिहायलाच हवे होते. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत शंकर लक्ष्मण कर्णधार होता. गोलरक्षकाने संघाचे नेतृत्व करणे ही त्या काळी न ऐकलेली गोष्ट, आणि तिथेही सुवर्णच मिळाले.

१९६८ च्या संघात त्याला घेतले नाही, आणि त्याने हॉकी सोडली. रेजिमेंट सोडली नाही. १९७९ मध्ये तो कॅप्टन म्हणून तिथूनच निवृत्त झाला. शेवटी पायाला गँगरीन झाले, आणि २००६ मध्ये महूला, हलाखीतच तो गेला. मास्तरांनी विचारले आहे की खेळाडूची निष्ठा कोणाशी असते. मला कधीकधी उलटे विचारावेसे वाटते, की खेळाडूशी निष्ठा कोणाची असते? आजोबा या प्रश्नाला 'रेजिमेंटची' असे उत्तर देत, आणि मग बराच वेळ काही बोलत नसत.

कोर्ट कॉर्नर

नातू यांच्या प्रश्नावरून दोन प्रकरणे आठवली, आणि योगायोग असा की पहिले त्यांच्या १९६६ च्या सुवर्णाला जोडलेले आहे. त्यानंतर भारताला आशियाई सुवर्ण मिळण्यास बत्तीस वर्षे लागली, आणि ते मिळाले १९९८ मध्ये, पुन्हा बँकॉकलाच, पुण्याच्या खडकीत वाढलेल्या धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा खेळलेला हा माणूस. त्या विजयानंतर खेळाडूंच्या मानधनाबद्दल तो बोलला, आणि पुढच्याच मालिकेच्या संघातून धनराज आणि टायब्रेकरमध्ये गोल वाचवणारा आशिष बल्लाळ यांच्यासह सुवर्णसंघातले कित्येक जण वगळले गेले. कारण 'विश्रांती' असे दिले गेले. लोकांनी त्याचा अर्थ काय लावायचा तो लावला. त्या काळात 'देशासाठी खेळता की पैशासाठी' हा प्रश्न मी अनेक शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो विचारणाऱ्यांपैकी कोणीही स्वतःच्या कचेरीत बिनपगारी काम करत नव्हता.

दुसरे प्रकरण ताईंच्या मुलखातले आहे, म्हणजे त्यांनी चुकल्यास दुरुस्त करावे. डेट्रॉईटचा टेड लिंडसे हा लीगमधल्या अव्वल आघाडीपटूंपैकी एक. १९५६-५७ च्या हंगामात त्याने कारकिर्दीतले सर्वाधिक ८५ गुण मिळवले. त्याच वर्षी त्याने सर्व संघांतल्या खेळाडूंना एकत्र आणून संघटना उभी केली, कारण निवृत्तिवेतनाच्या पैशांचा हिशेबही मालक लोक खेळाडूंना दाखवत नव्हते. त्याला स्वतःला याची गरज सर्वांत कमी होती. त्याचे नाव झालेले होते आणि पगारही त्या मानाने बरा होता. परिणाम असा झाला की त्या उन्हाळ्यात त्याला उचलून शिकागोला, म्हणजे तेव्हाच्या तळाच्या संघाकडे, पाठवून देण्यात आले. पुढे डेट्रॉईटच्याच खेळाडूंनी संघटनेतून माघार घेतली. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, जी संघटना टिकली ती या पायावर उभी राहिली, आणि आज खेळाडू स्वतः मतदान करून देतात त्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला लिंडसेचे नाव आहे.

मालकांच्या दृष्टीने हा माणूस फितूर होता. माझ्या मते त्या लीगच्या इतिहासात त्याच्याइतका निष्ठावान खेळाडू विरळा, फक्त त्याची निष्ठा अंगरख्यावरच्या चिन्हाशी नव्हती. तोच अंगरखा घालून, किंवा समोरचा घालून, आपल्याशी झोंबणाऱ्या माणसांशी होती. वकिली व्यवसायात असल्यामुळे मला हा फरक रोज दिसतो. अशिलाशी निष्ठा असते आणि वकिलांच्या बार संघटनेशीही असते, आणि दोन्हींचा झगडा ज्या दिवशी होतो त्या दिवशी माणूस कळतो.

निपाणीची लेक

दुरुस्ती नाही, थोडी भर आहे. कप घेऊन बर्फावर फेरी मारण्याची जी प्रथा मी वर सांगितली, तीही लिंडसेचीच. १९५० मध्ये त्याने तो उचलून कडेच्या प्रेक्षकांजवळ नेला, त्यांना जवळून पाहता यावा म्हणून. आणि १९६६ मध्ये हॉकीच्या सन्मानदालनात त्याची निवड झाली तेव्हा तो समारंभाला गेला नाही, कारण मेजवानी फक्त पुरुषांसाठी होती आणि त्याच्या पत्नीला व मुलांना प्रवेश नव्हता. पुढच्या वर्षापासून नियम बदलला.

हिशेबनीसांसाठी आणखी एक गोष्ट, हिशेबाचीच. बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधी चेंडू, म्हणजे तिथली चकती, ज्या दोघांनी पुढे दिली त्या दोघांनाही प्रत्येकी एक गुण मिळतो. वेन ग्रेट्स्कीच्या नावावर ८९४ गोल आहेत, पण दुसऱ्यांना करून दिलेल्या गोलांचे १९६३ गुण आहेत. सर्वकालीन यादीत दुसरा असलेल्या यारोमिर यागरचे गोल आणि असिस्ट मिळून १९२१ होतात. ग्रेट्स्कीने जन्मात एकही गोल केला नसता, तरी तो यादीत पहिलाच राहिला असता.

हिशेबनीस

हा आकडा मी पडताळून पाहिला आणि जेवण थंड झाले. परंतु ताई, ज्या कामाचा गुण मिळतो ते निःस्वार्थ कसे? उलट हे सिद्ध झाले की वही नीट ठेवली तर माणसे आपोआप पास देतात.

निपाणीची लेक

वही बाजूला ठेवा. स्टीव्ह यझरमन घ्या. १९८८-८९ मध्ये त्याने १५५ गुण केले होते. पुढे स्कॉटी बोमन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी या सर्वांत मोठ्या गोलकर्त्याकडून मागे येऊन बचाव करण्याची अपेक्षा केली. त्याचे आकडे घसरले, लोक म्हणू लागले की तो संपला. १९९७ मध्ये डेट्रॉईटला बेचाळीस वर्षांनी कप मिळाला, आणि तो उचलणारा कर्णधार यझरमनच होता. बावीस हंगाम एकच संघ, त्यातली जवळपास वीस वर्षे कर्णधार. वहीतले गुण सोडून देऊन त्याने हे केले.

आणि लिलावाच्या मुद्द्यावर: पिट्सबर्गच्या सिडनी क्रॉस्बीने २०१२ मध्ये वर्षाला सरासरी ८७ लाख डॉलरचा बारा वर्षांचा करार केला, आणि २०२४ मध्ये, सगळ्यांचे भाव गगनाला भिडलेले असताना, पुन्हा तेवढ्याच रकमेवर दोन वर्षांची सही केली. संघाच्या एकूण पगारावर तिथे कमाल मर्यादा असते, त्यामुळे एकाने कमी घेतले की तेवढे दुसऱ्याला देता येतात.

खानापूर पॅसेंजर

क्रॉस्बीचा अंगरखा ८७ क्रमांकाचा, जन्म १९८७ चा, तोही सातव्या... नाही, आठव्या महिन्याच्या सातव्या तारखेचा, आणि पगार ८७ लाख. ही निष्ठा आहे की अंकज्योतिष?

हाडवैद्य

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, आणि हा धागा मला ज्या दिशेला जाईल अशी भीती होती, तिकडे तो अजून गेलेला नाही याचे समाधान आहे. तरी तो जाण्याआधीच लिहितो.

निःस्वार्थीपणाची उदाहरणे म्हणून नेहमी दुखापती सांगितल्या जातात. बॉस्टनच्या ग्रेगरी कॅम्पबेलने २०१३ मध्ये फटका अडवताना पायाचे हाड मोडून घेतले आणि संघात एक खेळाडू कमी असल्यामुळे तशाच पायावर जवळपास मिनिटभर तो बर्फावर उभा राहिला. त्याच वर्षी त्याच संघाचा पॅट्रिस बर्जेरॉन मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन अंतिम फेरीचा शेवटचा सामना खेळला आणि फुफ्फुसाला छिद्र पडल्यामुळे थेट रुग्णालयात गेला. बॉस्टन तरीही हरले. आपल्याकडे बलबीर सिंग (थोरले) १९५६ ची अंतिम लढत उजव्या हाताचे बोट मोडलेले असताना खेळले, ही कथा आपण शाळेत ऐकली आहे.

या माणसांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. परंतु माझ्या टेबलासमोर सोळा वर्षांची मुले बसतात. गेल्या पावसाळ्यात चिकोडीकडच्या एका मुलाच्या घोट्याला बारीक तडा होता, आणि तो तीन आठवडे कोणाला न सांगता खेळत राहिला, कारण 'संघ अडचणीत होता'. तो संघ तालुका पातळीवर उपान्त्यपूर्व फेरीत हरला. मुलाला वर्षभर मैदान बंद झाले. कॅम्पबेलला तीस सेकंदांत निर्णय घ्यायचा होता, त्याला विचार करायला सवड नव्हती. तीन आठवडे लपवणे ही निष्ठा नसते. संघाची फसवणूकही असते, कारण त्याच्या जागी दोन धड पायांवर धावणारा कोणीतरी बाकावर बसून होता.

जुना दुसरा गोली

डॉक्टरांचे शेवटचे वाक्य मी कोणाच्या तोंडून ऐकेन असे वाटले नव्हते.

मडिकेरीत मुक्काम

नोकरीमुळे मी सध्या कोडगूत आहे, मूळचा उगारचा. येथे १९९७ पासून कोडवा घराण्यांची हॉकी स्पर्धा भरते. संघ गावाचा किंवा क्लबचा नसतो, घराण्याचा असतो. २०२४ मध्ये ३६० घराणी उतरली होती. त्यात एका बाजूला शाळकरी पोर आणि दुसऱ्या बाजूला पन्नाशीचा काका, आणि एखाद्या घराण्याकडून देशासाठी खेळलेला माणूसही उतरतो. त्याला तिथे मानधन नसते आणि चूक केली तर आत्या सर्वांसमोर रागावते. व्यावसायिक खेळाडू वर्षभर कोणाकडूनही खेळो, त्याची एक जागा लिलावाबाहेरची असते, एवढेच येथे पाहून वाटले.

डावी बगल

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध काय झाले ते राहूनच गेले. ज्या रोहिदासबद्दल मी वर लिहिले, त्यालाच दुसऱ्या सत्रात, उचललेली स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याला लागल्याबद्दल, लाल कार्ड मिळाले. चाळीस मिनिटांहून अधिक काळ दहा जण अकरांशी खेळले, बरोबरी टिकवली आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकले. मधल्या फळीतले मागे आले, आघाडीचे आपल्याच गोलासमोरच्या डीपर्यंत धावत राहिले. त्यातल्या कित्येकांची नावे काही महिन्यांनी वेगवेगळ्या मालकांच्या यादीत गेली. त्या चाळीस मिनिटांत, ज्याच्या चुकीमुळे हे ओढवले, त्याच्यावर कोणी चिडलेला मला तरी दिसला नाही. एक सामना बंदी असल्यामुळे तो उपान्त्य सामना खेळू शकला नाही, तो आपण जर्मनीशी २-३ ने हरलो, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात तो पुन्हा संघात होता.

हिशेबनीस, आता वायरमन काढू नका.

हिशेबनीस

काढत नाही. एवढे मान्य करतो की पगार माणसाला मैदानापर्यंत आणतो, आणि पगारातून न निघणारे असे काहीतरी त्यापुढे घडते. ते काय, याला माझ्या वहीत रकाना नाही. लाल कार्डवाल्याबद्दल मात्र माझे मत कायम आहे, त्याने स्टिक खाली ठेवायला हवी होती.

मैदानावरचा मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल सराव संपल्यावर मी त्या मुलाला बोर्क, लिंडसे आणि पाठक यांच्याबद्दल सांगितले, आणि शंकर लक्ष्मण ज्या रेजिमेंटचा होता तिचे केंद्र आपल्या मैदानापासून सायकलच्या अंतरावर आहे हेही सांगितले. त्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, मला ते विचारायचंच नव्हतं. ज्यांच्यावर कुणी बोलीच लावली नाही, ते दुसऱ्या दिवशी सरावाला गेले असतील का?"

मी चौकशी केली. हा मुलगा गोलरक्षक आहे. दुसरा. माझ्याकडे दोन गोलरक्षक आहेत आणि पॅडचा जोड एकच आहे, त्यामुळे गेले वर्षभर तो पॅडशिवाय बाजूला उभा राहून चेंडू गोळा करून देतो, आणि मी ते रोज पाहत असूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

जुना दुसरा गोली

मास्तर, सराव सकाळी किती वाजता असतो? माझे जुने पॅड माळ्यावर आहेत. पट्टे बदलावे लागतील, बाकी ठीक असावेत. चार सामन्यांत ते काय झिजणार?

मैदानावरचा मास्तर

साडेसहाला. पॅड आधी उन्हात घाला, माळ्यावर विंचू असतात. आणि शक्य झाले तर आपणही थांबा. याला डाव्या बाजूला खाली येणारा चेंडू जड जातो.